सतरा नंबरची कुंडी

काही लोकांच्या दयाळूपणामुळे या देशातलं संशोधन मागं पडलंय. नाव घेत नाही.

माझी पीएचडी ज्वारीवर. पाण्याशिवाय कोणतं वाण किती दिवस तग धरतं हे शोधून दुष्काळ कायमचा मिटवायचा, एवढीच माझी माफक इच्छा. (पाचव्या वर्षी निदान पीएचडी तरी मिटावी, ही उत्कर्षाची. उत्कर्षा म्हणजे माझी बायको.) विद्यापीठात जागा मिळेना, म्हणून गावोगावचं बियाणं वीस कुंड्यांत लावून मी त्या घरमालकीण गौरम्मांच्या गच्चीवर ठेवल्या. प्रत्येकीवर नंबर आणि गावाचं नाव. रोपं गुडघाभर झाली तसं पाणी बंद केलं. नळाला पाणी चार दिवसांआड. चोरून कुंडीत कोण ओतणार?

पंधराव्या दिवशी एकोणीस कुंड्या वाळल्या. सतरा नंबर, वळसंग, हिरवीगार!

"उत्कर्षा, इतिहास घडतोय!"

"माती बघितलीस का हात लावून?"

"मी पानं मोजतोय. मातीत काय बघायचंय?"

तसाच गाईड मॅडमना फोन लावला. मला मुदतवाढ द्यायची की माझं नाव कापायचं, हे ठरवायला शनिवारी समिती बसणारच होती. मॅडम खूश. "समितीलाच गच्चीवर आणते," म्हणाल्या.

शनिवारी हातात पट्टी घेऊन मी 'क्रांती' हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारत होतो, तेवढ्यात गौरम्मा तांदूळ धुतलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या.

"सरका की जरा, सायेब." आणि सतरा नंबरमध्ये तांब्या रिकामा!

"गौरम्मा! हे काय?"

"रोजचंच हाय की. वळसंग माजं माहेर. माहेरचं पीक माज्याच गच्चीवर तहानेनं मरू देऊ व्हय?"

"आणि बाकीच्या कुंड्या?"

"ती करमाळ्याची, ती अक्कलकोटची. त्यांच्या लेकी बघतील."

समितीच्या अध्यक्षांनी सतरा नंबरच्या चिखलात बोट घातलं, रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "सहा महिने. शेवटचे. पुन्हा पहिल्यापासून."

सगळे खाली उतरले. मी डोकं धरून कठड्याशी बसलो. गौरम्मांनी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला.

"एकालाच घातलं म्हणून राग आला व्हय, तम्मा? बरं, पुढच्या बारीला समद्यांना घालते की."