लाल बूथमधले नाना

आमच्या समोरच्या लाल टेलिफोन बूथला सगळीकडून काचा आहेत. आत कोणी नाही हे रस्त्यापलीकडूनही दिसतं. तरी नाना आत शिरण्याआधी दारावर टकटक करायचे.

"आत कोणी असलं तर, वहिनी?"

"दिसतंय की कोणी नाही ते."

"दिसतं म्हणून बघायचं नसतं."

नाना शेजारच्या घरचे. पुण्यात त्यांचा एसटीडी बूथ होता. इथे न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये, ते मुलाकडे आले, मी लेकीकडे. दिवसभर घरांत फक्त आम्हीच. मी मुळात कमी बोलणारी. समोरासमोर नानाही गप्पच. जन्मभर लोकांच्या बोलण्याकडे पाठ करून बसलेला माणूस. गिऱ्हाईक फोनवर रडलं तरी वळून बघायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम.

पण बूथमध्ये शिरले की नाना फुलायचे. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, कार्ड आणायचे आणि मला फोन लावायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ते समोर काचेत.

"बोला वहिनी, लाइन मोकळी आहे. कुठून बोलताय?"

"समोरून, नाना. पोळ्या करतेय. दिसतेय ना मी?"

"मी पाठ केलीय. मला कशा दिसणार?"

खरंच पाठ केलेली असायची. मग आईच्या हातची आमटी, चोरीला गेलेली सायकल, नातवाने चुकून मराठीत दिलेलं उत्तर, सगळं सांगायचे. धुकं असलं की नाना दिसायचे नाहीत, नुसता लाल रंग दिसायचा. वाटायचं, धुकंच माझ्याशी बोलतंय.

खंडेनवमीला त्यांनी त्या फोनला हळदकुंकू लावलं. झेंडू कुठला मिळणार, कुंपणावरचं लाल फूल वाहिलं. कौन्सिलची बाई येऊन म्हणाली, हा जुना वारसा आहे, हा जपायचा आहे. नानांनी "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून हात जोडले, कुंकू पुसलं आणि मला म्हणाले, "मी काय वेगळं करत होतो?"

पुढच्या हिवाळ्यात माणसं आली आणि आतला फोन काढून घेऊन गेली. नानांशिवाय तो कोणी वापरतच नव्हतं. बूथ तेवढा राहिला. वारसा बूथचा होता, फोनचा नव्हता.

मुलाने त्यांना मोबाइल आणून दिला. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला. "याला दार नाही," म्हणाले आणि ठेवून दिला.

माझ्या घरचा फोन वाजायचा थांबला. नाना मात्र रोज टकटक करून आत जायचे, नुसते उभे राहायचे, बाहेर यायचे. कुंपणाशी भेटले तर म्हणायचे, "थंडी आहे." मी म्हणायचे, "हो." तेवढंच. पोळ्या करताना घर फार मोठं वाटायला लागलं.

एका धुक्याच्या सकाळी मी तवा उतरवला, शाल घेतली आणि रस्ता ओलांडला. नाना आत होते. मी दारावर टकटक केली आणि काचेकडे पाठ करून उभी राहिले.

"बोला नाना, लाइन मोकळी आहे."

मग आतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"कुठून बोलताय, वहिनी?"

"जवळूनच," मी म्हटलं. वळून मात्र बघितलं नाही.