बुधवारचं शटर

त्या बुधवारी मी एकच ठरवलं होतं. आज वाकायचं.

शॉप अ‍ॅक्टचा इन्स्पेक्टर असूनही चार वर्षांत माझ्या हातून एकही खटला झाला नव्हता. कारण आमच्या गावात बुधवारी सगळी दुकानं कायद्याने बंद असतात. म्हणजे शटर गुडघ्यापर्यंत खाली असतं, मालक बाहेर पायरीवर पेपर वाचत बसतो आणि गिऱ्हाईक वाकून आत जातं. मी दिसलो की मालक शटर पुरतं खाली ओढतो आणि मला चहा विचारतो. (मी घेतो. चहा पिणं हा अजून गुन्हा नाही.)

पण आदल्या आठवड्यात कानिफनाथ शेटच्या कापड दुकानात काम करणारी सविता ऑफिसात आली. तिची दोन वर्षांची मुलगी कोल्हारला आजीकडे असते. भेटायला बुधवार तेवढा एक दिवस, आणि सात बुधवार शेटने तिला सोडलंच नव्हतं.

"लेकरू मला वळखंना झालंय, सायेब," एवढंच ती म्हणाली.

मला शेटचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. चहाचे सगळे कप आठवले.

म्हणून मी मागच्या गल्लीतून गेलो. शेट पेपरात तोंड खुपसून बसला होता. मी सरळ गुडघ्यांवर आलो आणि शटरखालून रांगत आत शिरलो. (जुने कपडे होते म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी गुरुवारी बाबासाहेबांची जयंती. त्यासाठी मंगळवारी संध्याकाळी छगन टेलरला पांढरं कापड देऊन 'गुरुवारी सकाळी शर्ट हवा म्हणजे हवा' असं बजावून ठेवलं होतं.)

मान वर केली तर समोर पांढऱ्या साड्यांच्या ढिगात माझी बायको.

"अहो, रांगताय कशाला?" यशोधरा म्हणाली.

"मी ड्यूटीवर आहे. तू इथं काय करतेस?"

"महिला मंडळाच्या बारा साड्या. काठ निळा पाहिजे. हा निळा बरा की तो?"

"तो," मी म्हणालो. (अकरा वर्षांची सवय.)

तेवढ्यात धाडकन शटर खाली आलं आणि बाहेरून कुलूप वाजलं.

"शेट, मी आत आहे," मी ओरडलो.

"दुकान बंद हाय, सायेब," बाहेरून शांत आवाज आला. "बंद दुकानात कोन असनार? मी जेवून येतो."

मी हटलो नाही. ट्यूबच्या उजेडात वही उघडली आणि पंचनामा लिहायला बसलो. पंच शोधले तर हजर माणसं दोन. आरोपीची कामगार सविता आणि फिर्यादीची बायको.

"तू आज सुट्टीवर नाहीस?" यशोधराने सविताला विचारलं. सविताने सात बुधवार सांगितले. मग मी उभा राहिलो.

"ज्यांनी कामगाराच्या कामाचे तास कमी केले," मी म्हणालो, "त्यांच्या जयंतीची साडी तू कामगाराची सुट्टी मोडून घेतेस?"

यशोधरा गप्प झाली. असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं, म्हणून मी तेच वाक्य आणखी एकदा म्हणून घेतलं.

तिने सगळ्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि शटरपाशी गेली.

"शेट, बारा साड्या पसंत पडल्यात. पैसे कुणाकडे द्यायचे?"

कुलूप लगेच उघडलं. शेट जेवायला गेलाच नव्हता.

"साड्या उद्या नऊला नेऊ," यशोधरा म्हणाली. "आज बुधवार आहे. पण आधी ह्यांच्या वहीत लिहून द्या, सविताला दर बुधवारी पगारी सुट्टी. आणि ती आत्ताच्या एसटीने कोल्हारला जाईल."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"तर बारा बायका राहुरीला जातील साड्या घ्यायला."

शेटने लिहून दिलं, सहीसुद्धा ठोकली. माझं चार वर्षांचं काम तिने चार मिनिटांत केलं. माझा खटला मात्र राहिला तो राहिलाच.

गुरुवारी संध्याकाळी मिरवणुकीत बारा निळे काठ एका ओळीत चालले होते. सविता मुलीला कडेवर घेऊन आली होती, आणि पोरगी आईच्या गळ्याला अशी चिकटली होती की माझे डोळे भरून आले. मी नव्या पांढऱ्या शर्टात, कायदा कसा राबवावा हे चारचौघांना सांगत होतो.

तेवढ्यात छगन टेलरकडे काज-बटण करणारी कडूबाई जवळ आली.

"सायेब, काजं बरी झाली का? काल दिसभर तुमच्याच सदऱ्यावर बसले हुते. लेकीकडं जायचं हुतं, पर छगन म्हनला, शापॅक्टच्या सायबाचा सदरा हाय, आज सुट्टी न्हाई."

यशोधराने माझ्याकडे पाहिलं. भाषण तिला पाठ होतं, पण तिने ते म्हटलं नाही. "घरी चला," एवढंच म्हणाली.

घरी तिने माझी वही काढली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिहा. आणि शर्ट काढा, पुरावा आहे."

माझ्या नोकरीतला पहिला खटला असा छगनवर झाला. कडूबाईचे बुधवार मोकळे झाले. शर्ट अजून ऑफिसच्या कपाटात जमा आहे. आमच्या फॉर्मात 'दुकान उघडं ठेवण्याचे कारण' असा एक रकाना आहे. तेवढा तिने मला भरू दिला नाही. त्यात यशोधराच्या ठसठशीत अक्षरात माझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट.