महाराजांच्या दुग्धपथ्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे उदरीं ब्रह्मांड मावतें आणि तरी जो उंदरावर सुखें स्वार होतो, त्यास नमन करोन लिहितों. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरे, एके राज्यीं महाराज पुण्यशील, परंतु देह फार सुटला. आणि दौलतीची चाल ऐशी कीं दसऱ्यास राजानें आपले बळें घोड्यावर बसावें. न बसवेल त्याची गादी चुलतभावाकडे जावी. मग राणीसाहेब दर्याबाई यांनीं घाबरोन चिमणभट वैद्यांस पाचारिलें. भटजी बोलिले, "बाईसाहेब, दुधाचें सत्त्व दों परीचें. एक चक्क्यांत राहतें, तें सावकाश जिरतें. दुसरें चक्का टांगतां निथळत्या पाण्यांत उतरतें, तें लवकर जिरतें. जेवणाआधीं दोन्हीं द्यावीं. भूक शमते, रक्तांत साखर बेतानें चढते, चरबी उतरतां अंगीं बळ राहतें. परंतु पुढील ताट निम्में केलें तरच गुण."

आणि पथ्य सुरू जाहलें, आणि श्रावणांत महाराजांचा कमरबंद सैल जाहला, राणीसाहेब हंसों लागल्या. मग मानकरी खवळले! त्यांचा मान काय, तर महाराजांचे ताटीं स्वहस्तें लाडू वाढावा; परतविला तर घराण्याचें नाक कापिलें. सरदार रायाजीराव ताटापाशीं येऊन गर्जले, "सरकार, आमच्या वडिलांचा लाडू चालला, आमचा नको?" महाराज म्हणाले, "रायाजी, पोट भरलें आहे." "मग माझ्या गळ्याची शपथ!" म्हणोन चार वाढिले. अरे, शपथ कसली घालितां, फांस घालितां! त्यामागें सारी पंगत लाडू घेऊन उभी. आणि मुदपाकखान्यासही चेव आला. नुसता चक्का राजाचे ताटीं ओकाबोका दिसतो म्हणोन साखर, केशर घालोन श्रीखंड केलें, आणि तें पाणी, ज्यांत अर्धें औषध, मोरींत ओतिलें! लिहितांना संताप आवरत नाहीं.

मग दसरा आला. महाराजांनीं रिकिबींत पाय घातला, नेट केला, आणि खालीं बसले. शिक्का चुलतभावास गेला. आणि रायाजीरावांनीं भर दरबारीं काय बोलावें? "दुधानें घात केला, या भटाला हद्दपार करा!" लाज कशी वाटली नाहीं! आणि मानकऱ्यांनीं एकमुखें "खरें, खरें" म्हणितलें. चिमणभट निघाले तेव्हां महाराज वेशीपर्यंत धापा टाकीत चालत आले आणि हात धरोन बोलिले, "भटजी, मज भूक नव्हती हो. नको म्हणवेना."

एकूण वर्तमान इतुकेंच. वैद्य गेले, गादी गेली, आणि नव्या महाराजांचे पंगतीस तेच मानकरी लाडू घेऊन उभे आहेत.