बेअरिंगचं पोट आणि कस्टमरचं ऑडिट

मांजराचं पोट दुरुस्त करणं हे काही फार मोठं काम नाही. निदान माझ्यासारख्या माणसाला तरी! मी चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात जन्म काढला. समोरून जाणारा शाफ्ट मी नुसत्या नजरेनं रिजेक्ट करायचो. एकदा तर एका शाफ्टला मी लांबूनच म्हणालो, "तू वाकडा आहेस." तो बिचारा आपणहून घरंगळत रिजेक्शनच्या पेटीत जाऊन पडला! खोटं वाटत असेल तर त्या शाफ्टला विचारा. अशा माणसापुढं मांजराचं पोट म्हणजे काय? एक नळी! वरून माल आत, खालून माल बाहेर. मधे काय बिघडलंय ते शोधायचं, झालं!

असं मी ऐन चहाच्या वेळी, सगळ्या वर्कशॉपसमोर बोलून बसलो.

वर्कशॉप माझ्या भाच्याचं, धम्मरत्नचं. चिखलीत, पत्र्याच्या शेडमध्ये. बाप कंपनीत हेल्पर होता, पोरगा इंजिनिअर झाला, आणि चांगली नोकरी सोडून स्वतःची मशिनं टाकून बसला. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो. रिटायर झाल्यापासून मी तिथं सल्लागार म्हणून बसतो. पगार नाही, पण खुर्ची फिरती आहे.

आता मांजर कुठून आलं ते सांगतो. गेल्या ऑडिटला त्या कंपनीचे सलिलसाहेब आले होते. वयानं लहान, पण नजर अशी की भिंतीवरची पालसुद्धा सरळ रेषेत चिकटावी! त्यांनी सीएनसी मशीनचं इलेक्ट्रिक पॅनेल उघडलं, तर आत वायरींच्या शेवया झालेल्या. उंदीर! साहेब शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी एक जरी वायर कुरतडलेली दिसली, तर हे काम दुसरीकडं जाईल." धम्मरत्नचा चेहरा मशीनमधलं ग्लासभर कूलंट प्यायल्यासारखा झाला. सगळं कामच त्या एका कंपनीचं. ते गेलं की मशिनं, माणसं आणि माझी फिरती खुर्ची, सगळंच गेलं!

उंदरांना औषध घातलं, तर एक पॅनेलच्या मागं मेला आणि शेडमध्ये उभं राहवेना. चिकट पुठ्ठा लावला, तर त्यात मशीन ऑपरेटर सनीचा सेफ्टी शूज अडकला. आत सनीसकट! शेवटी लोखंडाच्या किसाच्या ड्रमामागं एक करडी मांजरी सापडली. पाठीवरून हात फिरवला की नव्या बेअरिंगसारखी एकसारखी घरघर करायची, म्हणून नाव पडलं बेअरिंग. ती आली आणि उंदरांनी शेजारच्या गाळ्यात बदली मागून घेतली. भाचा खूश, मी खूश.

आणि मग तिचं पोट बिघडलं!

जे खाईल ते परत. वरून नाहीतर खालून. कस्टमरनं माल परत पाठवावा तसं! एकदा तर तिनं थेट तयार पार्टच्या ट्रेवरच कार्यक्रम उरकला. सनी ट्रे लांब धरून माझ्याकडं आला. "मामा, ह्याला रिवर्क म्हणायचं का स्क्रॅप?"

बेअरिंग गलितगात्र होऊन कपाटाखाली पडून राहायला लागली, पॅनेलमधून पुन्हा खुडखुड ऐकू यायला लागली, आणि नेमकी तेव्हाच सलिलसाहेबांची मेल आली की महिनाअखेर ऑडिटला येतो.

"मामा," धम्मरत्न रडकुंडीला येऊन म्हणाला, "ही बरी झाली नाही तर आपलं काही खरं नाही राव!"

तेव्हा मी ते नळीचं वाक्य बोललो.

निगडीला प्राधिकरणात मिनल डॉक्टर आहेत, जनावरांच्या. बेअरिंगला खोक्यात घालून नेलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि म्हणाल्या, "पोट नाजूक आहे हिचं. दूध बंद. नाजूक पोटाचं एकच खाणं ठरवा, हळूहळू सुरू करा आणि ते बदलू नका. दुसऱ्या कुणी मधे काहीही द्यायचं नाही. एक घाससुद्धा नाही!"

"म्हणजे एकच सप्लायर आणि बाहेरच्या मालाला गेटबंदी."

"काय?"

"काही नाही मॅडम. समजलं."

तिथून दुकानात गेलो. बाप रे! माणसांना नाहीत इतकी मांजरांना पाकिटं! म्हाताऱ्या मांजराचं, जाड मांजराचं, केस गळणाऱ्याचं, रुसणाऱ्याचं! मी चष्मा लावून एकेक पाकीट मागून पुढं वाचायला लागलो. दुकानातला पोरगा कंटाळून म्हणाला, "काका, तुमचं मांजर इनडोअर का आउटडोअर?"

"शॉपफ्लोअर!"

"बसून असतं का धावपळ करतं?"

"तीन शिफ्टमध्ये असतं."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नाजूक पोटाचं सगळ्यात मोठं पाकीट काढून दिलं. बहुतेक मी परत येऊ नये म्हणून.

शेडमध्ये आल्यावर मी काम पद्धतशीर हातात घेतलं. मशीनशेजारी जमिनीवर पिवळा पट्टा मारून चौकोन आखला. आमच्या लाइनीत प्रत्येक वस्तूला चौकोन लागतो. झाडूला आहे, बादलीला आहे, मग मांजराच्या वाटीला का नको? वर पाटी लावली : 'बेअरिंग : मंजूर खाद्य. इतरांनी काहीही टाकू नये. हुकुमावरून, जयसिंगमामा.'

सगळे गोळा झाले. मी वाटी भरली. बेअरिंग आली. वाटीचा वास घेतला. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वास घेतला. आणि मागच्या पायानं जमीन खरवडून वाटीवर माती लोटल्यासारखं करून निघून गेली!

"मामा," सनी म्हणाला, "तिनं ते पुरलं की!"

असा काय हशा उसळला! मला राग आला. मी म्हणालो, मांजर असो नाहीतर माणूस, वडीलधाऱ्यानं आधी खाऊन दाखवलं की ते खातं. एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. कुरकुरीत होता. चव म्हणाल तर, पावसात भिजून वाळलेलं कोळंबीचं पोतं चाटावं तशी. "वा!" असं मोठ्यानं म्हणून मी दुसरा उचलला. बेअरिंगनं जांभई दिली. सनीनं फोटो काढला.

संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आमची कस्तुरा राजगुरुनगरकडची. तिचा आवाज तिथून निघाला तर चाकणला न थांबता थेट निगडीला उतरतो!

"अवो! मी घरात सैपाक करत न्हाई व्हय? मांजराचं खाऊन पोट भरताय? आख्ख्या गल्लीत फोटू फिरतोय! शेजारीण इचारती, वयनी, भाऊंना जेवायला देत न्हाई का?"

"अगं, ती टेस्टिंग होती."

"मग घरचंबी टेस्टिंग करा की! आमटीत मीठ कमी हाय म्हनून कवा सांगितलं न्हाई ते तुमी!"

ते कधी सांगायचं नसतं, हे मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकलो आहे.

पण दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. वाटी रिकामी! चाटूनपुसून! मी पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. आता कोण बोलतं बघू! मी फिरत्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या. "बघितलंस धम्मा? चव लागली तिला!"

"व्हय मामा, पण पोट?"

पोट जिथल्या तिथं! वाटी रिकामी होत होती आणि बेअरिंग ओकत होती. खाणं बरोबर, औषध बरोबर, आणि निकाल चूक! मला रात्रीची झोप लागेना. शेवटी मी व्हाय-व्हाय मीटिंग बोलावली. आमच्याकडं दोष दिसला की पुन्हा पुन्हा 'का?' विचारत मुळापर्यंत जायचं असतं. मी मुळाला हात घातला, तर एकेक मूळ बाहेर यायला लागलं!

"का ओकते?" मी गरजलो.

सनी खाली बघत म्हणाला, "मामा, मी चहात बुडवून खारी देतो थोडीशी. माझ्याकडं बघत बसते हो!"

"का?"

"आता बघते त्याला मी काय करू?"

मग धम्मरत्ननंच घसा खाकरला. "मी... ते... दूध. बशीभर. अशक्त दिसते म्हणून."

"तू मालक ना रे! तूच पाटी वाचत नाहीस?"

मी असा काही कडाडलो की पत्र्यावरचं कबुतर उडालं. खारी बंद! दूध बंद! मांजराकडं बघणंसुद्धा बंद! इथून पुढं वाटीतलं सोडून एक कण जरी तिच्या पोटात गेला तर त्या माणसाला मीच रिजेक्शनच्या पेटीत टाकीन! दोघांनी शपथ घेतली. वाटी रोज चकाचक रिकामी व्हायला लागली. मी पाकिटावर पाकिटं आणली. आणि बेअरिंग? आपली कपाटाखाली, तशीच! दुपारी माझ्या जेवणाच्या सुमाराला तेवढी उठायची, बाकी वेळ मरगळलेली. मी तर म्हणतो त्या मांजरानं माझ्या सबंध सर्व्हिसचा अपमान चालवला होता!

आणि ऑडिटचा दिवस उजाडला.

सलिलसाहेब आले. "जय भीम मामा, कसे आहात?" एवढं बोलून सरळ पॅनेलकडं निघाले. कपाटाखाली बेअरिंग निपचित. धम्मरत्न माझ्या कानाशी पुटपुटला, "मामा, आतून काल पण आवाज येत होता. मेलो आपण!" सनीनं मशीन बंद करून किल्ली फिरवली. दार उघडलं.

आत पिवळ्याधमक, गुळगुळीत, कंपनीतून आल्यासारख्या वायरी! एकाही वायरीला दात नाही!

आणि वायरींच्या खालच्या पन्हाळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नाजूक पोटाच्या मांजराचं खाणं ओळीनं रचून ठेवलेलं. जुने दाणे पुढं, ताजे मागं! आधी आलेला माल आधी वापरायचा, ही शिस्त आमच्या पोरांना इतकी वर्षं शिकवतोय, ती उंदरांनी न शिकवता पाळलेली! आणि त्या गोदामाच्या कडेला एक उंदीर बसलेला. काय अंग! काय तुकतुकी! पोट तर असं निरोगी की डॉक्टरांना दाखवायला न्यावं! त्यानं आमच्याकडं बघितलं आणि सावकाश, जेवण झालेल्या माणसासारखा, भोकातून निघून गेला.

आता तुम्हीच सांगा, माणसानं अशा वेळी काय करावं? धम्मरत्ननं डोळे मिटले. मी तोंड उघडलं.

"साहेब, मुद्दामच केलंय," मी म्हणालो. "उंदीर वायर का खातो? त्याला दुसरं काही मिळत नाही म्हणून. आपण दुसरं दिलं. पचायला हलकं. संशोधन करून निवडलंय. हा बघा चौकोन."

साहेबांनी चौकोन बघितला. वायरींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लेंड्या झाडून घ्या. पण वायर एकही तुटलेली नाही, हे खरंय. मुद्दा बंद करतो."

धम्मरत्ननं डोळे उघडले.

"फक्त एक," साहेब म्हणाले, "आता हीच पद्धत कायम ठेवायची. हेच खाणं, बदलायचं नाही. पुढच्या वेळी येऊन बघणार."

अगदी मिनल डॉक्टरांचे शब्द! फक्त पेशंट बदलला.

"आणि मग ते मांजर कशासाठी आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. कपाटाखालची बेअरिंग कपाटाखाली नव्हती. ती माझ्या टेबलावर होती. माझ्या डब्यात कानापर्यंत डोकं घालून कस्तुराच्या हातचं सुकट खात होती. लाल तिखटातलं, लसूण ठेचून घातलेलं, खेड तालुक्यात ज्याच्या वासानं पाहुणे रस्ता विचारत येतात ते! आणि घरघर अशी करत होती की मशीन बंद असून सुरू वाटावं.

"मामा," धम्मरत्न हळू आवाजात म्हणाला, "ही सरावलेली दिसते."

"मामा," सनी हळू नसलेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही रोज हिला डबा देत होता?"

"खायला कुठं देत होतो रे?" मी म्हणालो. "जेवण झालं की फक्त चाटायला देत होतो! धुवायला सोपा जातो."

मला रिजेक्शनच्या पेटीत टाकायची भाषा दोघांनी लगेच सुरू केली. माझीच भाषा होती, काय बोलणार!

तर आता बेअरिंग आमच्या घरी असते. कस्तुरानं डॉक्टरांना विचारून तिला उकडलेलं कोंबडं आणि लाल भोपळा सुरू केला, मिठाशिवाय. पोट ठणठणीत! शेपटी वर करून सगळ्या गल्लीत मिरवते. पण कस्तुराचं म्हणणं असं, की माझ्या ताटात तिखट दिसलं तर मांजर पुन्हा त्यात तोंड घालणार. म्हणून तेच माझ्या डब्यातही असतं. कोंबडं आणि लाल भोपळा, मिठाशिवाय. "टेस्टिंग करा," म्हणते!

आणि मी? मी रोज सकाळी शेडमध्ये जातो. पिवळ्या चौकोनात बसून उंदरांची वाटी भरतो. साहेबांचा हुकूम आहे, बदलायचं नाही. परवा वाटी भरता भरता हात जरा थबकला. आजूबाजूला बघितलं, सनी मशीनकडं तोंड करून होता.

खरं सांगू? भोपळ्यापेक्षा बरं लागतं.