नेटल वर येत नाही

दोन बागांमधल्या भिंतीतला एक निखळलेला दगड.

लीक, म्हणजे कांद्याचा थोराड भाऊ. रिडलीच्या वाफ्यातले दोन तर दंडाएवढे.

दोन तळहात. कुत्रीच्या छातीभोवती त्यांची बोटं जुळली, तर ती कोल्ह्याच्या बिळात मावते. नाही जुळली, तर शेकोटीपुढे लोळायला बरी.

सरहद्दीच्या डोंगरांत या बॉर्डर टेरियर जातीला पिढ्यान्‌पिढ्या दोनच धडे दिले गेले: शिकारीच्या घोड्यांमागे धाव आणि कोल्ह्यामागे बिळात शिर. परत ये, हा धडा राहून गेला.

शनिवारी लीकचं प्रदर्शन, सर्वात मोठ्या जोडीला बक्षीस. मंगळवारी कथबर्टची कुत्री नेटल त्या दगडाच्या भगदाडातून शेजारच्या रिडलीच्या बागेत गेली आणि तिथल्या सशाच्या बिळात शिरली.

"मुद्दाम सोडलीस!" रिडली ओरडला. "मागच्या साली दुसरा आलास म्हणून!"

"माझी कुत्री खाली अडकलीय आणि तुला बक्षीस सुचतंय?" कथबर्ट जमिनीला कान लावून पालथा पडला. भुंकणं नेमकं त्या दोन लीकच्या खालून येत होतं.

बिळातल्या कुत्रीला टाकून या खोऱ्यात कुणी घरी जात नाही, मग ती वैऱ्याची का असेना.

रिडलीनं टोपी काढली. कुदळ उचलली.

"थांब, बाजूनं खणू," कथबर्ट म्हणाला.

"बाजूनं खणेपर्यंत गुदमरेल ती. हो मागे."

पहिला लीक तुटला. रिडलीनं तिकडे पाहिलं नाही. दुसराही गेला. कथबर्टही कुदळ घेऊन खड्ड्यात उतरला. खड्डा कमरेइतका झाला, तेव्हा भुंकणं पलीकडच्या रांगेखालून येऊ लागलं. ती रांग गेली. भुंकणं आणखी पुढे सरकलं.

"दमत कशी नाही ही?" रिडलीनं विचारलं.

"तू दमलास का?"

"मी? हट!"

कथबर्टची बायको हिल्डा भिंतीपाशी आली. "कुदळी ठेवा खाली."

"वहिनी, कुत्री मरेल!"

"अरे, वर माणसं खणतायत म्हणजे आपण बरोबर चाललोय, असंच तिला वाटणार. तिच्या आजीपणजीनं हेच केलंय. तुम्ही थांबा, ती थांबेल."

कुदळी थांबल्या. खाली एकदा प्रश्नार्थक भुंकणं झालं. मग काहीच नाही. मग नेटल शिरली होती बिळाच्या त्याच तोंडातून बाहेर आली. मिशांना माती होती. तिनं खड्ड्यातल्या दोघांकडे पाहिलं. काम अर्धवट टाकणाऱ्यांकडे पाहावं तसं.

रिडलीनं तिला उचललं. छातीभोवती हात घातले. बोटं जुळली.

"चांगली आहे," तो म्हणाला.

कथबर्ट आपल्या बागेत गेला आणि स्वतःचे सर्वात मोठे दोन लीक उपटून घेऊन आला. "धर. सूप कर. मीही प्रदर्शनात उतरत नाही यंदा."

"वेडा आहेस का?"

"माझ्या कुत्रीनं तुझं वाटोळं केलं. फिट्टंफाट."

रिडलीनं लीक घेतले. त्याची नजर भिंतीतल्या त्या भगदाडाकडे गेली.

तो दगड एप्रिलमध्ये त्यानंच काढला होता, कथबर्टचे लीक किती वाढलेत ते पाहायला.