क्लीओफसचं काचेचं शिंग

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्यांना या गोष्टीतला आवाज ऐकू येईल, पण चेहरे दिसणार नाहीत, आणि चेहरेच बघण्यासारखे आहेत. गोष्ट अमेरिकेतल्या टोलीडो शहराची, एका रविवारच्या दुपारची आणि व्हर्नेल टार्व्हरबाईंची.

व्हर्नेल आमच्या चर्चमधली सेविका, आलेल्यांना जागा दाखवून बसवणारी. पांढरा झगा, पांढरे हातमोजे. सेविकांचा नियम असा, की हातमोजे चढले की तोंड बंद. पुढचं सगळं खुणांनी. एक बोट वर केलं की एक जागा रिकामी आहे. तळहात दाखवला की प्रार्थना चालू आहे, हलू नका. एकोणचाळीस वर्षांत व्हर्नेलने हा नियम मोडला नव्हता. तिच्या जोडीची आर्नेटाही तशीच, फक्त ती डोळ्यांनी फार बोलायची.

व्हर्नेलच्या मनात एकच सल होता. शहरातल्या कलासंग्रहालयात काचेचं मोठं दालन आहे. तिथे एका कपाटात हातभर लांब, निळसर अशी एक वस्तू रुंद तोंड वर करून खाचेत उभी होती. खाली पाटी: ‘फुलदाणी. कारागीर अज्ञात.’ अज्ञात कसला, तो व्हर्नेलचा बाप होता. क्लीओफस टार्व्हर काचकारखान्यात भट्टीवर कामाला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या काचेचं त्याने हे शिंग घडवलं होतं. दर ईस्टरला तो ते अंगणात उभं राहून वाजवायचा. आई गेल्यावर घर आवरताना शिंग कुणाच्या तरी खोक्यातून गेलं आणि तीस वर्षांनी इथे उगवलं.

व्हर्नेलने संग्रहालयाला दोन पत्रं लिहिली. दोन्हींना गोड उत्तर आलं, की भावना पोचल्या, पुरावा असल्यास कळवावा.

“पुरावा म्हणे,” ती आर्नेटाला म्हणाली. “माझं नाक बघा म्हणावं. त्याचंच उचलून लावलंय.”

त्या रविवारी पाद्रीबाबांनी यरीहोच्या भिंतीवर प्रवचन लावलं; बायबलातली ती भिंत, जी सातव्या दिवशी सात फेऱ्या घालून शिंगं फुंकल्यावर कोसळली. आमचे पाद्रीबाबा सुरुवात करतात ती साध्या बोलण्याने; सूर कधी लागला ते त्यांनाही कळत नाही. भिंतीभोवतीच्या सहा फेऱ्या त्यांनी बोलून घातल्या, सातवीला गळा मोकळा सोडला, आणि अख्खं चर्च उभं राहिलं. त्याच भरात व्हर्नेल झग्यानिशी संग्रहालयाकडे निघाली. बापाला भेटायचं तर नीटनेटकं जावं, म्हणून हातमोजेही काढले नाहीत. आर्नेटा मागोमाग होतीच.

दालनात मांडणी बदलणं चाललं होतं. प्रेस्कॉट नावाचा तरुण अधिकारी बाहेरून येणाऱ्या दोन मदतनिसांची वाट बघून घायकुतीला आला होता. पांढरे हातमोजे दिसताच त्याने देवाचे आभार मानले, आडवी लावलेली दोरी वर केली आणि व्हर्नेलच्या हातात एक वाडगा ठेवला. हा त्या पलीकडच्या कपाटात, आणि जरा लवकर.

दुसरं कुणीही म्हणालं असतं, की बाबा रे, आम्ही त्या नव्हे. पण हातमोजे चढलेले होते. व्हर्नेलने मान लववली आणि चालू लागली. कापडी हातमोज्यात काच निसटते, हे प्रेस्कॉटच्या ध्यानात आलं, पण या दोघींची चाल बघून त्याने पुढची वस्तू काढायला घेतली. प्रभुभोजनाचे प्याले वर्षानुवर्षं न सांडता फिरवलेले हात होते ते. वाडगा गेला, सुरई गेली, काचेचा हंस गेला. दर वस्तूमागे दालनाला एक फेरा पडत होता.

लोक दोरीपाशी दाटले. आर्नेटाला गर्दी बघवेना. तिने खुणांनीच सगळ्यांना बाकांवर ओळीने बसवलं. एवढ्यात खरे मदतनीस धापा टाकत आले. तिने त्यांना दोन बोटं दाखवली. तेही निमूट बसले.

सहा वस्तू झाल्या. सातवी प्रेस्कॉटने स्वतः खाचेतून उचलून व्हर्नेलकडे दिली.

“ही सांभाळून. जुनी फुलदाणी आहे.”

व्हर्नेलने ती आर्नेटाकडे सोपवली, दोन्ही हातमोजे काढून पट्ट्यात खोचले आणि तोंड उघडलं.

“बाळा, ही फुलदाणी नाही. माझ्या वडिलांचं शिंग आहे.”

प्रेस्कॉटला ती दोन पत्रं आठवली असावीत. तो चाचरत म्हणाला, की याचं टोक तर बंद आहे, शिंग वाजणार कुठून? बाजूला एक भोक आहे खरं, पण तो भट्टीतला दोष, तशी तज्ज्ञांची नोंद आहे.

“असं होय? मग फुलांना पाणी कसं राहायचं, लेकरा?”

यावर तज्ज्ञांची नोंद नव्हती. व्हर्नेलने आर्नेटाकडून शिंग परत घेतलं, आडवं धरलं, बाजूच्या भोकाला ओठ लावले.

“फुंकू नका,” प्रेस्कॉट हळूच म्हणाला. “इथे चार हजार काचा आहेत.”

तिने फुंकलं. आधी नुसती हवा गेली, मग खोल, गोल, घुमणारा सूर निघाला आणि वाढतच गेला. चार हजार काचा एका आवाजात गुणगुणल्या. बाकांवरची माणसं उभी राहिली. प्रेस्कॉटने डोळे गच्च मिटले. आर्नेटाने तळहात वर धरला: प्रार्थना चालू आहे, कुणी हलायचं नाही.

एकही काच तडकली नाही. पडली ती फक्त पाटी. कपाटाच्या काठावरून थरथरत सरकली आणि प्रेस्कॉटच्या बुटापाशी उपडी झाली. त्याने ती उचलली, वाचली, खिशात घातली आणि पेन काढलं.

“नाव सांगा,” तो म्हणाला. “अक्षरन् अक्षर सांगा.”

आता तिथे नवी पाटी आहे: ‘शिंग. कारागीर क्लीओफस टार्व्हर. जेवणाच्या सुट्टीत घडवलेलं.’ खाली बारीक अक्षरांत, ‘कृपया वाजवू नये.’ ईस्टरला मात्र व्हर्नेल येते आणि वाजवते. कपाट प्रेस्कॉट उघडतो, पांढरे हातमोजे घालून, आणि आर्नेटाची सक्त ताकीद असल्यामुळे चकार शब्द काढत नाही.

तेव्हा मंडळी, घरी गेल्यावर फुलदाणीत फुलं ठेवाल तेव्हा त्या क्लीओफसची आठवण काढा. जेवण अर्ध्यावर टाकून भट्टीपाशी उभा राहिला होता तो.