शकुबाई बसते त्या सीटखाली

हिंदुरावच्या भाचीचं, श्रेयाचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बारामतीहून नरसिंहपूरला जायचं होतं. पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत, आणि श्रेयाला मामा एकच.

"हिंदुतात्या, ह्या गाडीनं जाऊ नका," अय्युब मेस्त्री म्हणाला. "तापल्याचं दाखवणारा काटा कवाच मेलाय. इंजिन तापलं तर कळणार कसं?"

"शकू बसती की," हिंदुराव म्हणाला.

त्या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. इंजिन तापलं की सीट तापायची आणि शेजारी बसलेली त्याची बायको शकुबाई म्हणायची, "अवो, चटका बसतोय." मग झाडाखाली थांबायचं, गाडी निवली की पाणी घालायचं. हा काटा कधी चुकला नव्हता. वैतागला मात्र होता.

वालचंदनगर मागं पडलं.

"कसं हाय गं?"

"बरं हाय."

इंदापूर गेलं.

"आता?"

"झ्याक हाय."

हिंदुरावला भरून आलं. म्हातारपणी गाडी सुधारली. त्याचे गुडघे काही सुधारले नव्हते. त्यानं गाडी आणखी दामटली. बावड्याच्या अलीकडं व्हॅननं किटलीसारखी शिट्टी घातली, वाफ सोडली आणि जागेवर बसली.

"चटका न्हाय बसला?"

"न्हाय बा."

"ऊठ बघू."

शकुबाई उठली. तिच्याखाली आहेराची जाड गोधडी, चौपदरी घडी घातलेली.

"ही कुणी ठिवली?"

"मीच. इतकी वर्सं भाजून घेतलं. आज नवं पातळ हाय, म्हटलं आज नगं."

हिंदुराव रेडिएटरकडं वळला.

"टोपणाला हात लावू नगा. तोंड भाजंल, अन् फोटो काढायचेत."

मग दोघं उन्हात उभी राहिली. वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. हिंदुरावनं थांबा म्हणून हात हलवला. गाडीतल्यांनीही हसून हात हलवले, हॉर्न वाजवले आणि गाड्या पुढं गेल्या. शेवटी एका दुधाच्या टेम्पोला दया आली.

शेवटचं मंगलाष्टक चालू असताना हिंदुराव श्रेयाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

"मामा, दुधाचा वास येतोय."

"गप हुबी ऱ्हा, पोरी."

दुसऱ्या दिवशी अय्युबनं इंजिन पाहिलं आणि सीट पुन्हा खाली टाकली. हिंदुरावनं दुसरी व्हॅन घेतली, तीही जुनीच, पण काटा चालू असलेली. शकुबाई आता मागं बसते आणि "कसं हाय?" विचारलं तर खिडकीबाहेर बघते. गोधडी श्रेयाकडं आहे, मधोमध भाजल्याच्या तांबूस डागासकट.

पहिली व्हॅन वारली ती श्रेयाच्या लग्नादिवशी, अक्षता पडायच्या तासभर आधी, बावड्याच्या अलीकडं.